लॅपटॉप घेताय? आधी आपला तालुका बघा!

बारावीचा निकाल लागतो, सीईटीचे राउंड संपतात, ॲडमिशनचे कागद जमा होतात आणि महाड-पोलादपूरच्या घराघरात एकच चर्चा सुरू होते. लॅपटॉप कुठला घ्यायचा? मुंबईचा मामा फोनवरून सांगतो, "आय-सेव्हनच घे." शेजारचा दादा म्हणतो, "गेमिंगवाला घे, चार वर्षं बघायला नको." दुकानदार म्हणतो, "ताई, ऑफर आजच्यापुरतीच आहे हां!" आणि बाबा? ते फारसं बोलत नाहीत. फक्त विचारतात, "किती?"

मित्रमैत्रिणींनो, हा लेख त्या शेवटच्या प्रश्नासाठी आहे. ज्यांच्या घरी लॅपटॉप चार वर्षांत एकदाच घेतला जाणार आहे, आणि तो बिघडला तर दुसरा येणार नाही, अशांसाठी. मी थर्ड इयरला आहे, महाडची आहे. शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे मराठीत टेक्निकल लिहिताना इंग्रजी शब्द मध्ये मध्ये डोकावणारच. तेवढं सांभाळून घ्या!

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे: आपण लॅपटॉप निवडतो तो जाहिरात बघून, आणि जाहिरात बनते ती एसी ऑफिसात बसणाऱ्या माणसासाठी. आपण राहतो ते सह्याद्रीच्या पायथ्याशी, जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, जोराचा वारा सुटला की लाईट जाते, आणि स्वतःचं रेल्वे स्टेशन ना महाड शहराला आहे ना पोलादपूरला. म्हणून आधी जागा बघायची, मग काम बघायचं आणि सगळ्यात शेवटी कंपनीचं नाव.

खैरातचा हिरवा लॅपटॉप

ही कल्पना काही माझी नाही. तिचा एक नमुना आपल्याच रायगड जिल्ह्यात येऊन गेलेला आहे. एमआयटीचे निकोलस निग्रोपॉन्टी यांनी २००५ साली जाहीर केलं होतं की गरीब देशांतल्या मुलांसाठी शंभर डॉलरचा लॅपटॉप बनवायचा. योजनेचं नाव 'वन लॅपटॉप पर चाइल्ड'. भारत सरकारने २००६ मध्ये या योजनेला नकार दिला. तरीही २००७ मध्ये भारतातला तिचा पहिला प्रयोग झाला तो रायगड जिल्ह्यातल्या खैरात नावाच्या छोट्याशा गावात, वीस-बावीस मुलांच्या प्राथमिक शाळेत.

त्या हिरव्या-पांढऱ्या 'एक्सओ' लॅपटॉपची आकडेवारी आज वाचली तर हसू येईल. ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, १ जीबी साठवण. पण जरा दुसऱ्या बाजूने बघा. त्यात फिरणारी हार्ड डिस्क नव्हती, म्हणजे धक्क्याने बिघडायला काही नव्हतं. पंखा नव्हता, म्हणजे धूळ आणि दमट हवा आत ओढली जात नव्हती. कीबोर्ड रबराचा, सलग. स्क्रीन उन्हातही वाचता येईल असा. आणि वीज इतकी कमी लागायची की लाईट नसलेल्या गावाचाही विचार त्यात केलेला होता.

शंभर डॉलरचं गणित काही जमलं नाही. २००७ मध्ये उत्पादन सुरू झालं तेव्हा एका लॅपटॉपचा खर्च १८८ डॉलरच्या आसपास गेला होता. पुढे ही योजना मागे पडली. पण बनवणाऱ्यांनी सुरुवात ज्या प्रश्नाने केली तो प्रश्न मात्र अगदी बरोबर होता: हे यंत्र कुठे वापरलं जाणार आहे? आपणही तिथूनच सुरुवात करूया.

आधी काम, मग यंत्र

पहिल्या वर्षाला काय लागतं हो? सी किंवा पायथनचे प्रोग्राम, असाइनमेंटच्या पीडीएफ, प्रेझेंटेशन आणि थोडंफार ड्रॉइंग. एवढ्यासाठी कुठलाही बऱ्यापैकी लॅपटॉप चालतो. खरा फरक पडतो तो दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून, आणि तो ब्रँचप्रमाणे.

कॉम्प्युटर, आयटीवाल्यांना रॅम जास्त लागते. एकीकडे कोड एडिटर, एकीकडे डेटाबेस, ब्राउझरच्या वीस टॅब आणि वर मोबाइलचा एम्युलेटर. मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांना ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स, अॅन्सिस, स्टॅड, ईटॅब्स अशी मंडळी भेटतात. त्यांना रॅम तर लागतेच, शिवाय प्रोसेसरही दमदार लागतो. इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्सला मॅटलॅब आणि सर्किट सिम्युलेशन. ते तुलनेने साध्या मशीनवरही चालून जातं.

म्हणून पहिला सल्ला: घाई नसेल तर पहिल्या वर्षाची पहिली एक-दोन टर्म कॉलेजच्या लॅबवर काढा. आपल्या ब्रँचचे सीनिअर काय वापरतात ते बघा. एक वर्ष उशिरा घेतलेला लॅपटॉप एक वर्ष जास्त टिकतो, हे साधं गणित आहे.

दुसरा सल्ला: सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागेल या भीतीने बजेट वाढवू नका. ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना एज्युकेशन लायसन्स मोफत देते. अॅन्सिसची मोफत स्टुडंट आवृत्ती मिळते. आणि आयआयटी मुंबईचा 'फॉसी' हा प्रकल्प तर मोफत, मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रसारासाठीच आहे. मॅटलॅबच्या जागी सायलॅब, सर्किटसाठी ईसिम, फ्लुइड मेकॅनिक्ससाठी ओपनफोम. आयआयटी मुंबईच्याच 'स्पोकन ट्यूटोरियल'मध्ये असे बरेच धडे मराठी आवाजातही आहेत. घाटाखालच्या गावात नेट रडतखडत चालतं, तेव्हा कॉलेजच्या वायफायवर हे धडे उतरवून घ्या आणि घरी निवांत बघा.

मात्र एक लक्षात ठेवा. सॉलिडवर्क्ससारखी बरीच इंजिनीअरिंगची सॉफ्टवेअर विंडोजवर, इंटेल किंवा एएमडीच्या प्रोसेसरवरच नीट चालतात. अॅपलचं मॅकबुक किंवा स्नॅपड्रॅगनवाला विंडोज लॅपटॉप कितीही छान दिसला, बॅटरी कितीही टिकली, तरी घेण्याआधी आपल्या ब्रँचची यादी तपासा. क्रोमबुक तर आपल्या कामाचं नाहीच.

स्टिकर कसा वाचायचा?

लॅपटॉपवर चमकणारे स्टिकर असतात. आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन. आपल्याला वाटतं मोठा आकडा म्हणजे मोठा प्रोसेसर. पण हा आकडा फक्त त्या त्या पिढीतला क्रमांक सांगतो. वर्गात पहिला आलेला चौथीतला मुलगा आणि वर्गात पंधरावी आलेली बारावीतली मुलगी, दोघांना एकच पेपर दिला तर काय होईल? तसंच आहे हे.

उदाहरण घ्या. २०१३ चा आय-सेव्हन ४६००यू हा दोनच कोअरचा प्रोसेसर. २०२२ चा आय-थ्री १२१५यू सहा कोअरचा. म्हणजे मामाचं 'आय-सेव्हनच घे' ऐकून एखादा जुना आय-सेव्हन घेतला, तर नव्या आय-थ्रीपेक्षा तो मागेच पडणार. पिढी ओळखायची ती पुढच्या आकड्यावरून. ८२५० म्हणजे आठवी पिढी, १२१५ म्हणजे बारावी.

ही आठवी पिढी महत्त्वाची आहे, दोन कारणांनी. एक तर सातव्या पिढीचा आय-फाइव्ह ७२००यू दोन कोअरचा होता, आणि आठव्या पिढीचा ८२५०यू, २०१७ चा, एकदम चार कोअरचा झाला. दुसरं म्हणजे विंडोज ११ इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालते. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे सातवी किंवा त्याआधीची पिढी कितीही स्वस्तात मिळाली तरी विद्यार्थ्याने नको म्हणावं. ज्यांना लिनक्सच वापरायचं आहे त्यांची गोष्ट वेगळी.

एएमडीवाल्यांची गंमत आणखी निराळी. रायझन ७३२०यू बघा. पहिला आकडा सात, म्हणजे २०२३ सालची मालिका. वाटतं एकदम नवीन! पण तिसरा आकडा बघा, दोन. तो सांगतो की आतली रचना 'झेन २' आहे, जी २०१९ मध्ये आली. हा प्रोसेसर वाईट नाही, साध्या कामाला चांगला आहे. पण तो नव्या पिढीचा म्हणून विकत घेऊ नका. या चार आकड्यांच्या नावात तिसरा आकडा जितका मोठा तितकी आतली रचना नवी.

आता रॅम. ८ जीबी म्हणजे अगदी कमीत कमी. विंडोज आणि ब्राउझर मिळूनच त्यातला निम्मा भाग खातात. १६ जीबी असेल तर चार वर्षं सुखाने जातात. पण जीबीपेक्षाही महत्त्वाचा प्रश्न हा: रॅम वाढवता येते का? काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावर कायमची चिकटवलेली असते, म्हणजे सोल्डर केलेली. ८ घेतली की जन्मभर ८! वरच्या ७३२०यूच्या लॅपटॉपमध्ये असंच असतं. दुकानात विचारताना "रॅम किती?" एवढंच विचारू नका. "स्लॉट किती, त्यातला रिकामा किती?" असं विचारा. उत्तर आलं नाही तर मॉडेल नंबर लिहून घ्या आणि घरी येऊन शोधा. दुसऱ्या स्लॉटमध्ये रॅम टाकली की एक फायदा जास्तीचा होतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सही हीच रॅम वापरतं, आणि दोन रॅम जोडीने काम करू लागल्या की थ्रीडी मॉडेल फिरवताना फरक कळतो.

एक सावधगिरी. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप उचलायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव जगभर एकदम चढले. 'आत्ता ८ घेऊ, पुढे स्वस्तात वाढवू' हा जुना सल्ला म्हणून डोळे झाकून पाळू नका. त्या दिवशीचा भाव विचारा, मग ठरवा.

साठवणीत एसएसडीच पाहिजे, याला पर्याय नाही. 'ईएमएमसी' असं लिहिलेलं दिसलं की सरळ पुढे चला. ती मोबाइलच्या मेमरी कार्डाची मोठी बहीण, वेगाने बेताचीच. आणि ५१२ जीबीचा एसएसडी विंडोजमध्ये ४७६ जीबी दिसला तर दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. कंपनी हजाराच्या हिशोबाने मोजते आणि विंडोज १०२४ च्या, एवढाच तो फरक.

स्क्रीनबद्दल एकच: फुल एचडी आणि आयपीएस. बाकी बेझल बारीक आहे का, झाकण चंदेरी आहे का, हे सगळं नंतर.

लाईट, पाऊस आणि पूर

इथपर्यंतचं तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल. आता आपल्याकडचं बोलू.

जून ते सप्टेंबर लाईटचा भरवसा नसतो, हे पोलादपूरकरांना सांगायला नको. म्हणून बॅटरी 'दहा तास चालते' या जाहिरातीपेक्षा तिचे वॉट-अवर बघा. समजा बॅटरी ४२ वॉट-अवरची आहे. नावात 'यू' असलेला प्रोसेसर साध्या लिखाण-वाचनाला सगळा मिळून साधारण ८ वॉट खातो. ४२ भागिले ८, म्हणजे पाच तास. गेमिंगवाला लॅपटॉप तेच काम करताना २० वॉट खात असेल तर दोन तासांत मान टाकतो. शिवाय त्याचा चार्जर विटेएवढा, दीडशे-दोनशे वॉटचा. घरच्या इन्व्हर्टरवर पंखा, दोन दिवे आणि हा चार्जर एकदम लावून बघा, घरचे काय म्हणतात ते! ४५ किंवा ६५ वॉटचा टाइप-सी चार्जर असलेला लॅपटॉप आपल्याकडे जास्त शहाणपणाचा. तसा चार्जर मित्राकडेही मिळतो.

लाईट परत येताना कधीकधी दाब उसळतो. त्यासाठी सर्ज प्रोटेक्टर असलेली एक्स्टेन्शन पट्टी घ्या आणि विजा कडकडत असतील तेव्हा चार्जर सरळ काढून ठेवा. रात्रभर लावून झोपायची सवय पावसाळ्यात तरी सोडा.

दुसरा शत्रू म्हणजे दमट हवा. आपल्याकडे जुलैत चपलेला बुरशी येते, भिंतीला ओल येते, तर लॅपटॉपच्या पोर्टला का नाही येणार? न वापरता कपाटात ठेवलेला लॅपटॉप आधी बिघडतो. दोन-तीन दिवसांतून एकदा तासभर चालवा, आतली ऊब ओल घालवते. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. तांदळाच्या डब्यात मात्र ठेवू नका, पीठ आणि धूळ आत जाते. महाबळेश्वरच्या थंडीतून आंबेनळी घाट उतरून पोलादपूरच्या दमट हवेत आलात, किंवा एसी लॅबमधून बाहेर पडलात, तर लॅपटॉप लगेच उघडून सुरू करू नका. गार वस्तूवर दमट हवेतलं पाणी जमतं, चष्म्यावर जमतं तसंच. अर्धा तास बॅगेतच राहू द्या.

एसटीने ये-जा करणाऱ्यांनी साध्या सॅकवर विसंबू नये. सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची, तोंड गुंडाळून बंद होणारी पिशवी हवीच. खिडकीची काच बंद होत नाही म्हणून भिजलो, हे कारण लॅपटॉपला कळत नाही. आणि पाणी आत गेलंच तर? चार्जर काढा, पॉवरचं बटण दाबून धरून बंद करा, आणि 'चालू होतो का' हे बघायचा मोह आवरा. भिजलेल्या सर्किटला वीज मिळाली की खरं नुकसान होतं. चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवू नका. तंत्रज्ञाकडे न्या.

तिसरी गोष्ट बोलायला जड आहे. महाड सावित्री आणि गांधारी नद्यांच्या संगमाजवळ वसलेलं आहे. जुलै २००५ आठवणारे आमच्या घरात आहेत. २२ जुलै २०२१ आम्ही स्वतः बघितला. त्या पुरानंतर बाजारपेठेत चिखलाने भरलेल्या वस्तूंचे ढीग होते, त्यात लॅपटॉप होते, कॉम्प्युटर होते, आणि त्यांच्यात कोणाचे प्रोजेक्ट होते, कोणाच्या दुकानाचे हिशोब होते, कोणाच्या लग्नाचे फोटो होते. यंत्र परत घेता येतं. त्यातलं काम परत येत नाही.

म्हणून लॅपटॉपच्या बजेटमध्येच बॅकअपचे पैसे धरा. प्रोजेक्ट आणि नोट्सची एक प्रत लॅपटॉपमध्ये, एक पेन ड्राइव्ह किंवा बाहेरच्या डिस्कवर, आणि एक इंटरनेटवर मोफत मिळणाऱ्या जागेत. ती बाहेरची डिस्क लॅपटॉपच्याच बॅगेत ठेवलीत तर दोन्ही एकदम जाणार! खालच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी पावसाळ्यात लॅपटॉपची रात्रीची जागा माळ्यावर ठरवून टाकावी. पाणी सांगून येत नाही.

बिघडला तर कुठे नेणार?

वॉरंटी एक वर्षाची, हे सगळेच सांगतात. ती 'ऑनसाइट' की 'कॅरी-इन', हे कोणी सांगत नाही. ऑनसाइट म्हणजे माणूस घरी येतो. कॅरी-इन म्हणजे आपण घेऊन जायचं. पनवेलला किंवा मुंबईला एक खेप म्हणजे पूर्ण दिवस आणि तिकिटाचे पैसे, आणि दुरुस्तीला टाकला की परत आणायला दुसरी खेप. पुण्याला जावं तर वरंध घाट पावसाळ्यात वरचेवर बंद.

तेव्हा घेण्याआधी कंपनीच्या साइटवर आपला पिनकोड टाकून बघा. महाडचा ४०२३०१, पोलादपूरचा ४०२३०३. सर्व्हिस सेंटर किती लांब दाखवतात ते वहीत लिहा. ऑनसाइट असेल तर हा पिनकोड त्यात येतो का, हेही फोन करून विचारा. मग महाडच्या बाजारपेठेत दुरुस्ती करणाऱ्या दोन जणांना विचारा, "दादा, तुमच्याकडे कुठल्या मॉडेलचे पार्ट पटकन मिळतात?" त्यांचं उत्तर कुठल्याही रिव्ह्यूपेक्षा मोलाचं. कीबोर्ड, बिजागरी, बॅटरी आणि चार्जर या चार गोष्टी चार वर्षांत कधी ना कधी लागतातच.

जुना, पण पारखलेला

आता मुद्द्याचं. तीस हजारांच्या आतबाहेर बजेट असेल तर नव्यापेक्षा 'रिफर्बिश्ड' लॅपटॉप जास्त काम देऊ शकतो. मोठ्या कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांचे लॅपटॉप तीन-चार वर्षांनी बदलतात. ते साफ करून, दुरुस्त करून परत विकले जातात. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड अशा बाजारासाठी ओळखला जातो. लेनोव्होचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक ही ऑफिसवाली घराणी. बांधणी मजबूत, पार्ट भरपूर, उघडून दुरुस्त करायला सोपी. पण त्यातही पारख हवी. थिंकपॅड टी-४८० मध्ये रॅमचे दोन स्लॉट आहेत, तर त्याच काळातल्या छोट्या एक्स-२८० मध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली आहे.

माझा मावसभाऊ पोलादपूर तालुक्यातल्या एका गावातून यंदा मेकॅनिकलला आला. बजेट तीस हजार, त्यात एक रुपया वाढणार नव्हता. मी जुन्याचं सुचवल्यावर काकांचा चेहरा पडला. "पोराला पहिल्यांदा घेतोय, आणि तोपण जुना?" मी म्हटलं, "काका, तुमची मिनीडोर नवी घेतली होती का?" काका हसले. "नाय गं. सेकंडहँड. पण मी इंजिन ऐकलं, चेसिस बघितली, कागद तपासले, घाटात चालवून बघितली. मगच बयाणा दिला." म्हटलं, बस्स, हेच करायचंय आपल्याला!

आणि खरंच, पद्धत तीच आहे.

इंजिन ऐकायचं म्हणजे पंधरा-वीस मिनिटं जड काम द्यायचं. मोठा व्हिडिओ आणि त्याचवेळी एखादं थ्रीडी मॉडेल. पंखा खरखरतो का, मशीन आपोआप बंद पडतं का, ते बघायचं.

टाकी बघायची म्हणजे बॅटरी. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी' लिहून, जागा सोडून, स्लॅश आणि 'बॅटरीरिपोर्ट' टाकलं की (अर्थात इंग्रजी अक्षरांत) एक अहवाल तयार होतो. त्यात मूळ क्षमता आणि आजची क्षमता, दोन्ही असतात. ५१ वॉट-अवरपैकी ३८ उरले असतील तर बॅटरी सुमारे ७५ टक्के शिल्लक. साठच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करून मागायचे.

चेसिस म्हणजे बिजागरी, कोपरे, कीबोर्डची प्रत्येक कळ, सगळे पोर्ट, कॅमेरा, वायफाय. पांढरी आणि काळी स्क्रीन लावून ठिपके शोधायचे. एसएसडीची तब्येत 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हे मोफत सॉफ्टवेअर दाखवतं.

कागद सगळ्यात महत्त्वाचे. बिलावर सीरियल नंबर हवा, आणि तो लॅपटॉपच्या खाली छापलेल्या नंबराशी आणि बायोसमधल्या नंबराशी जुळायला हवा. बायोसला पासवर्ड असेल तर घेऊ नका. शक्य असेल तर दुकानातच विंडोज रीसेट करून, नेट जोडून सुरू करायला सांगा. सुरू होताना एखाद्या अनोळखी कंपनीचं नाव येऊन तिचा लॉगिन मागितला, तर ते यंत्र अजून त्या कंपनीच्या नोंदीत आहे. कितीही स्वस्त असो, हात जोडून बाहेर पडा. विंडोज ॲक्टिव्हेट आहे का, हेही सेटिंगमध्ये बघा. बिल द्यायला जो दुकानदार कुरकुर करतो, त्याच्याकडे लॅपटॉप बघूच नका.

काका सोबत आले होते. प्रत्येक कळ त्यांनी स्वतः दाबून बघितली, बिजागरी तर दहा वेळा उघडली-मिटली. शेवटी आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, १६ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी असा लॅटिट्यूड ठरला. तीस हजारांचा हिशोब असा झाला: लॅपटॉप २३,५००. पुढेमागे बॅटरी बदलायला बाजूला ठेवले २,५००. सर्ज प्रोटेक्टर आणि पाणी न शिरणारी पिशवी १,५००. पेन ड्राइव्ह आणि माऊस १,०००. जाण्यायेण्याचा आणि खाण्याचा खर्च १,५००. झाले तीस.

हा हिशोब तुम्हाला जसाच्या तसा लागू पडणार नाही, भाव महिन्याला बदलतात. पण सगळे पैसे यंत्रात घालायचे नाहीत, साधारण पाचवा हिस्सा त्याच्या संरक्षणासाठी आणि दुरुस्तीसाठी राखायचा, हे प्रमाण धरून चला.

हप्त्याची गोड भाषा

'नो कॉस्ट ईएमआय' ऐकायला छान वाटतं. पण फुकट पैसे कोण देतं? रिझर्व्ह बँकेनेही सप्टेंबर २०१३ मध्ये स्पष्ट सांगितलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच. समजा लॅपटॉप रोखीने ३४,००० ला मिळतोय आणि हप्त्यावर ३६,०००, म्हणजे महिना ३,००० चे बारा हप्ते. तर ते वरचे दोन हजार हेच व्याज. त्यावर प्रोसेसिंग फी, आणि क्रेडिट कार्डावर असेल तर व्याजावरचा १८ टक्के जीएसटी. हप्ता घेऊ नका असं मी म्हणत नाही. एकदम पैसे नसतात तेव्हा घ्यावाच लागतो. फक्त "रोख दिले तर किती?" हा प्रश्न आधी विचारा, म्हणजे हप्त्याची खरी किंमत कळते.

ज्यांनी शैक्षणिक कर्ज काढलंय त्यांनी बँकेत एक चौकशी जरूर करावी. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत कोर्ससाठी आवश्यक असलेल्या कॉम्प्युटरचा वाजवी खर्चही धरता येतो. बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं, आणि वेगळं कर्ज काढून ते जास्त व्याज भरत बसतात.

जाता जाता

लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात असो, महाडच्या आसपास असो की मुंबई-पुण्यात, आपल्या तालुक्यांतली मुलं-मुली इंजिनीअरिंगला जातात तेव्हा घरातला कोणीतरी काहीतरी पुढे ढकलतो. आईची पाटल्यांची हौस, घराची कौलं, काकांच्या गाडीचे टायर. त्या पैशाचा लॅपटॉप सगळ्यात भारी असायची गरज नाही. तो चौथ्या वर्षाच्या प्रोजेक्ट व्हायवाच्या दिवशी चालू झाला पाहिजे, एवढंच.

तेव्हा दुकानात जाताना ही चार वाक्यं वहीत लिहून न्या: रॅमचे स्लॉट किती? बॅटरी किती वॉट-अवरची? माझ्या पिनकोडला सर्व्हिस कोण देणार? रोख दिले तर किती? चारही उत्तरं मिळाली तर पैसे काढा. नाही मिळाली तर "घरी विचारून सांगते" म्हणा आणि शांतपणे एसटी पकडा. ऑफर काय, पुढच्या आठवड्यातही असतेच!